अजून कुणाचीच विद्यार्थिनी नसताना

बारावीचा निकाल लागला की बुऱ्हाणपुरातली मुलं दोन दिशांना बघू लागतात. एक वाट खंडव्यावरून इंदूरला जाते, दुसरी रावेर-भुसावळवरून जळगाव, नाशिक, पुण्याकडे. हल्ली दोन्ही वाटा मोबाइलच्या पडद्यावर सुरू होतात. पुढच्या संवादातले आजोबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. नात सतरा वर्षांची, इंजिनिअरिंगला जागा शोधणारी. तिचे बरेचसे प्रश्न माझेही आहेत.

नात: आजोबा, हा फोन काही थांबत नाही. पुण्याकडच्या कुठल्याशा खासगी विद्यापीठातून एक बाई बोलतात. मी तर त्यांची साइट नुसती बघितली होती.

आजोबा: नुसती बघितली? नंबर कुठेच दिला नाहीस?

नात: त्यांना नाही दिला. कॉलेजांची तुलना करून दाखवणारी एक साइट आहे. तिथे माहितीपत्रक उघडायला नाव, नंबर आणि बारावीचे टक्के मागितले. तेवढं भरलं.

आजोबा: मग झालं की. अशा फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते आणि तिच्या चौकटीत टिक आधीच केलेली असते. भागीदार संस्थांनी माझ्याशी संपर्क साधायला माझी हरकत नाही, अशा अर्थाची. ते माहितीपत्रक फुकट नव्हतं बेटा, त्याच्या बदल्यात तू नंबर दिलास. या साइटींचं पोट त्यावरच भरतं. विद्यार्थ्याची नोंद कॉलेजला द्यायची आणि दर नोंदीमागे किंवा दर प्रवेशामागे पैसे घ्यायचे. एकच नोंद चार ठिकाणी जाते, म्हणून फोनही चार ठिकाणांहून येतात.

नात: ते समजलं. नंबर दिला, फोन आला. पण त्या बाई म्हणाल्या, ‘तुम्ही फी-सवलतीचं पान बघत होता ना, त्याबद्दल सांगू का?’ मी कुठलं पान बघत होते हे त्यांना कसं कळलं?

आजोबा: त्या विद्यापीठाच्या साइटवर तू गेलीस कशी?

नात: व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा मेसेज आला होता, त्यातल्या लिंकवरून. पण त्याच्या आधीही मी गूगलवरून दोन-तीनदा जाऊन आले होते.

आजोबा: मग नीट ऐक. कोणतीही साइट पहिल्यांदा उघडलीस की ती तुझ्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवू शकते. तिच्यात तुझं नाव नसतं, फक्त एक लांबलचक क्रमांक असतो. पुन्हा गेलीस की ब्राउझर तो क्रमांक पुढे करतो आणि साइट ओळखते की ही परवाचीच व्यक्ती. याला कुकी म्हणतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुण अभियंत्याने ती काढली आणि चांगल्या हेतूने काढली. ऑनलाइन दुकानात निवडलेली वस्तू पान बदललं तरी टोपलीत राहावी, एवढंच तिचं काम होतं. पहिले काही दिवस तू त्या विद्यापीठाच्या लेखी असाच एक बिननावाचा क्रमांक होतीस. मग मेसेज आला. त्यातली लिंक सगळ्यांना एकच नव्हती. तिच्या शेवटी अक्षरं-आकड्यांची एक शेपटी होती, ती फक्त तुझ्यासाठी. तू ती दाबलीस आणि त्या बिननावाच्या क्रमांकाला तुझं नाव, नंबर आणि टक्के जोडले गेले. आधीच्या दिवसांत पाहिलेली पानंही तुझ्या नावावर जमा झाली.

नात: आधीचीही?

आजोबा: आधीचीही. कुठलं पान किती वेळ उघडं ठेवलंस, किती वेळा परत आलीस, तेही. प्रवेश विभागातल्या त्या बाईंच्या पडद्यावर तुझ्या नावाचा एक तक्ता उघडतो आणि त्यातून त्यांना कळतं की या मुलीशी फी-सवलतीबद्दल बोलायचं. फोन करणाऱ्या बाईंवर राग धरू नकोस. तीही पगारावर राबणारी कुणाची तरी मुलगी असेल, दिवसाला अमुक इतके फोन केले पाहिजेत असं तिच्या डोक्यावर असेल.

नात: आणि तेव्हापासून इन्स्टाग्रामवरही त्यांच्याच जाहिराती दिसतात. ते तर वेगळं अ‍ॅप आहे.

आजोबा: आपला कुंडी भंडारा पाहिलास ना? वरून बघितलं तर शेतात सुटी सुटी गोल तोंडं दिसतात, शंभराच्या वर. एकीचा दुसरीशी काही संबंध आहे असं वाटत नाही. पण खाली एकच बोगदा आहे आणि सातपुड्याचं पाणी सगळ्यांमधून वाहत येतं. इंटरनेटवर जाहिरातीचं असंच आहे. कॉलेजच्या पानावर डोळ्यांना न दिसणारा ठिपक्याएवढा एक तुकडा बसवलेला असतो, त्याला पिक्सेल म्हणतात. तो कॉलेजच्या संगणकावरून येत नाही, जाहिरात कंपनीच्या संगणकावरून येतो. तो मागवताना तुझा ब्राउझर त्या कंपनीला सांगून टाकतो की मी आत्ता अमुक पानावर आहे. हजारो साइटींवर त्याच कंपनीचे तुकडे असतात, म्हणून तिला सगळीकडची खबर मिळते. आणि कुंडी भंडाऱ्याचं म्हणशील तर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, खानखानान रहीमच्या काळात, नुसत्या उताराच्या हिशेबावर हे पाणी शहरात आणलं. २०२४ साली त्याचं नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं आणि आपल्या गावातली निम्मी पोरं अजून तिथे खाली उतरलेली नाहीत. शाळेच्या सहली जातात कुठे, तर…

नात: आजोबा, कुंडी भंडारा नंतर. मला आधी सांगा, मी फी-सवलतीचं पान पुन्हा पुन्हा बघितलं हे त्यांना कळलं, तर ते मला घेणार नाहीत का? यांच्याकडे पैसे नाहीत असं समजतील ना?

आजोबा: येतो त्यावर. आधी अमेरिकेतली एक गोष्ट ऐक, कारण तिथे हे कागदोपत्री उघड झालं. ऑक्टोबर २०१९ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने विस्कॉन्सिन राज्यातल्या स्टाउट विद्यापीठाबद्दल लिहिलं होतं. शेवटच्या वर्षातल्या एका शाळकरी मुलीने विद्यापीठाची साइट उघडली. प्रवेश अधिकाऱ्याला लगेच सूचना गेली. तिने पाहिलेली सत्तावीस पानं, प्रत्येकावर घालवलेला वेळ, नकाशावर ती कुठे आहे, ती कोणत्या वंशाची आहे, सगळं त्यात होतं. शिवाय एक गुण होता, शंभरापैकी एक्याण्णव. हा गुण तिच्या अभ्यासाचा नव्हता. जागा देऊ केली तर ही मुलगी ती घेण्याची शक्यता किती, याचा होता. एक बाहेरची कंपनी हे काम करून देत होती. अशा सल्लागार कंपन्यांकडून विद्यार्थ्यांची माहिती गोळा करून असे गुण काढून घेणारी किमान ४४ विद्यापीठं आणि कॉलेजं त्या वार्ताहरांना सापडली.

नात: आणि मुलीला माहीत होतं?

आजोबा: साइटच्या गोपनीयता धोरणात कुठेतरी कुकी वापरतो एवढं लिहिलेलं असतं. ते वाचून तुझ्यासारखीला असा तक्ता डोळ्यांपुढे येईल का? कॉलेजांचं म्हणणं होतं की याचा वापर आम्ही मुलांशी संपर्क ठेवायला करतो, प्रवेश द्यायचा की नाही हे यावर ठरवत नाही. बहुतेक ठिकाणी ते खरंही असेल. पण कोणाला आग्रहाने बोलवायचं आणि कोणाकडे दुर्लक्ष करायचं हे ठरवलं, तरी अर्धा प्रवेश तिथेच ठरला. ज्या मुलीला कुणी बोलावलंच नाही, तिला नाकारलं असं कुठल्या कागदावर येणार?

नात: म्हणजे घेणार नाहीत.

आजोबा: अगं, तसं नाही. आपल्याकडचं वेगळं आहे, तेच सांगतो. मध्य प्रदेशात बी.ए., बी.एस्सी.ला ई-प्रवेशच्या पोर्टलवर बारावीच्या गुणांची यादी लागते. इंजिनिअरिंगला जेईई मेन. महाराष्ट्रात सीईटीच्या गुणांवर केंद्रीय फेऱ्या होतात. या यादीत तुझ्या क्लिकला काही जागा नाही. तू फी-सवलतीचं पान रात्रभर उघडं ठेवलंस तरी तुझा क्रमांक एकानेही खाली सरकणार नाही. सगळ्या जगाने आपल्या परीक्षांना नावं ठेवली, मीही ठेवतो, व्यापमं परीक्षा घोटाळ्याने या राज्याची जी लाज काढली ती मी विसरलेलो नाही. पण गुणांच्या यादीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती तुझी ऐपत विचारत नाही आणि तुझी उत्सुकताही विचारत नाही.

नात: आणि खासगी विद्यापीठात?

आजोबा: तिथे ती आपली प्रवेश प्रक्रिया चालवतात. व्यवस्थापनाच्या जागा असतात, ‘आज भरलंत तर इतकी सवलत’ असतं. हे सगळं फोनवर ठरतं आणि फोन करणाऱ्यापुढे तुझा तक्ता उघडा असतो. तिथे तुझी भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती उलट्या बाजूनेही खरी असू शकते. जी मुलगी परत परत साइटवर येते ती येणारच, मग तिला सवलत कशाला द्या, असाही हिशेब होऊ शकतो. मला चीड येते ती याची. ज्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्या घरातली मुलगी सगळ्यात जास्त शोधते. इंजिनिअरच्या मुलाला बाप एका वाक्यात सांगतो, इथे जा, तिथे जाऊ नको. तुझा बाप पॉवरलूमवर. तो काय सांगणार? म्हणून तू रात्री जागून फीचं पान, हॉस्टेलचं पान, सवलतीचं पान बघतेस आणि जितकी जास्त बघतेस तितकी जास्त उघडी पडतेस.

नात: बाबांचा व्यवसायही त्या एका फॉर्मवर लिहिला होता मी.

आजोबा: कुठल्या फॉर्मवर?

नात: शाळेत एका क्लासवाल्यांनी शिष्यवृत्तीची चाळणी परीक्षा घेतली होती. पहिल्या पानावर वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आईचा नंबर, सगळं होतं. सर म्हणाले भरा, म्हणून सगळ्यांनी भरलं. धाकट्यानेही भरलं, तो नववीत आहे.

आजोबा: आणि शिष्यवृत्ती?

नात: सगळ्यांनाच मिळाली. फीमध्ये थोडी सूट.

आजोबा: परीक्षा कशाची झाली ते कळलं ना आता! हिंदीचा, गणिताचा पेपर हा बहाणा होता, खरा पेपर ते पहिलं पान. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या बायजूज कंपनीच्या प्रमुखांना हजर व्हायला सांगितलं होतं. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रियांक कानूनगो, आपल्याच राज्यातले. त्यांनी जाहीरपणे आरोप केला की ही कंपनी मुलांचे आणि पालकांचे नंबर विकत घेते, पिच्छा पुरवते, मुलाचं भविष्य बुडेल अशी भीती घालते आणि मुख्यतः पहिल्या पिढीत शिकणाऱ्यांना गाठते. कंपनीने नंबर विकत घेतल्याचा इन्कार केला. पुढे जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मला तेव्हापासून एक प्रश्न छळतो. कंपनी बुडते तेव्हा खुर्च्या, टेबलं, इमारती मोजल्या जातात. मग लाखो मुलांच्या नोंदी कोणाच्या हाती जातात?

नात: जाऊ दे ना आजोबा. तुमच्या काळी तर टेलिफोन डिरेक्टरी छापून घरोघर वाटायचे. नाव, पत्ता, नंबर, सगळं उघड. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

आजोबा: चांगला प्रश्न विचारलास. डिरेक्टरीत फोन कुणाकडे आहे एवढंच होतं. तो फोन कुणाला लावतो, किती वेळ बोलतो, बोलताना रडतो का, हे नव्हतं. ते आम्हाला माहीत असायचं, एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्यांना. ट्रंक कॉल जोडताना कानावर काय काय पडायचं! कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा केळीचा ट्रक दिल्लीच्या बाजारात पडेल भावाने गेला. पण १८८५ च्या तार कायद्यात स्पष्ट होतं की कामावर कळलेला निरोप बाहेर फोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद. इंग्रजांनी केलेला कायदा, स्वतःच्या राज्यासाठी केलेला, तरी ज्याच्या हातात तार आहे त्याच्या तोंडाला त्यात कुलूप होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मी घरी येऊन तुझ्या आजीलाही कधी काही सांगितलं नाही. आता तारही त्यांची, कानही त्यांचा, आणि ऐकलेलं विकणं हाच धंदा. आमचं खातं मोडीत काढलं, माणसं घरी बसवली, सगळा कारभार खासगी कंपन्यांच्या…

नात: मग आता कायदाच नाही का?

आजोबा: आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खटला कुणी लावला होता? के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. २०१२ मध्ये याचिका केली तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षं केव्हाच ओलांडली होती. म्हाताऱ्यांना घरात बसा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या निकालानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. तुझ्या उपयोगाचं त्यात खूप आहे. संमती घ्यायची तर ती माणसाने स्वतः, समजून, स्पष्ट कृतीने दिली पाहिजे, म्हणजे आधीच टिक केलेली चौकट चालणार नाही. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे. म्हणजे बुऱ्हाणपुरात बसून मराठीत मागता येईल.

नात: मराठीत? इथे तर बँकेचा फॉर्म मराठीत मिळत नाही.

आजोबा: हे मला नको सांगूस! एक नोव्हेंबर १९५६ ला राज्यं भाषेवर पाडली, आपण इकडे राहिलो. तिकडे महाराष्ट्र सरकारने २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. ठरावीक प्रवर्गांसाठी आहे, पण आहे. ती मिळते महाराष्ट्राची रहिवासी असेल तिला. इथून रावेर किती जवळ! तिथली मुलगी फुकट शिकणार आणि तू, त्याच बोलीत बोलणारी, फी-सवलतीचं पान शोधत फिरणार.

नात: म्हणजे मी ज्या सवलतीचं पान बघत होते, ती मला लागूच नाही?

आजोबा: सरकारची ती नाही. त्या विद्यापीठाची स्वतःची काही असेल तर ती वेगळी. इकडची मेधावी विद्यार्थी योजना तुला लागू होऊ शकेल, राज्य मंडळाच्या बारावीला सत्तर टक्के लागतात आणि ते तुला आहेत. त्याचे कागद मी काढून ठेवले आहेत. पण बघ, ती बाई तुला हे सांगेल का? तिला माहीत आहे की तू त्या पानावर थांबलीस. थांबलीस का, हे तिला माहीत नाही आणि तिला त्याच्याशी कर्तव्यही नाही.

नात: कायद्याचं पुढे सांगा.

आजोबा: नववं कलम. अठरा वर्षांखालचं कुणीही मूल. त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी. त्याच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही आणि त्याच्यावर रोखलेल्या जाहिराती करायच्या नाहीत. मोडलं तर दोनशे कोटींपर्यंत दंड.

नात: मी सतराची आहे! मग हे सगळं बेकायदा झालं की.

आजोबा: घाई करू नकोस. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि बहुतेक तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली. म्हणजे मे २०२७. शिवाय शिक्षणसंस्थांना एक सूट आहे, शैक्षणिक कामासाठी आणि दाखल झालेल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी लक्ष ठेवायला. वर्गात हजेरी, बसमध्ये मूल कुठे आहे, यासाठी ती योग्यच आहे. पण प्रवेशाची जाहिरात हे शैक्षणिक काम आहे का? माझ्या मते नाही. उद्या एखादी संस्था म्हणेल की आहे, आणि भांडण तिथे होईल. शाळेने तुला सोडलं आहे, कॉलेजने घेतलेलं नाही. शाळेत मुख्याध्यापक जबाबदार असतात, कॉलेजात प्राचार्य. मधल्या दोन-तीन महिन्यांत तू कुणाचीच विद्यार्थिनी नाहीस आणि नेमकं तेव्हाच सगळे तुझ्यावर डोळा ठेवून असतात.

नात: आणि सरकार? ते नाही का माहिती गोळा करत? समग्र आयडी, आधार, आता अपार आयडी…

आजोबा: करतं, आणि तितकीच निष्काळजी करतं. केंद्र सरकारच्या दीक्षा अ‍ॅपची माहिती एका उघड्या सर्व्हरवर पडून होती, हे जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं. त्यात लाखो विद्यार्थी आणि शिक्षक होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेची नव्वद हजारांवर प्रवेशपत्रं टेलिग्रामवर फिरत होती. २०१८ च्या आधार निकालात न्यायालयाने सांगितलं होतं की सीबीएसई, नीट आणि यूजीसी यांना आधार सक्तीचं करता येणार नाही. जाऊन बघ किती खिडक्यांवर हे ऐकतात. आणि या नव्या डेटा कायद्याने एक काम मात्र लगेच केलं, अठरा महिने न थांबता. माहिती अधिकार कायद्याचं आठवं कलम बदललं. आता वैयक्तिक माहिती म्हटलं की नकार देणं सोपं झालं. जनहिताचं पोटकलम शिल्लक आहे, पण ते सिद्ध करत बसायचं आपण. मी एका कार्यालयात शिष्यवृत्ती कुणाला मिळाली याची यादी मागितली, तर उत्तर आलं, वैयक्तिक माहिती आहे. तुझी माहिती सगळ्या बाजारात फिरते आणि सरकारी पैसा कुणाला गेला ही मात्र गुप्त!

नात: बरं. पण मी आता करू काय? फोन तर येतच राहणार.

आजोबा: आधी ते एमपी ऑनलाइनचं दुकान. परवा फॉर्म भरायला गेलीस तेव्हा नंबर कुणाचा घातला?

नात: दुकानवाल्या भैयाने त्याचा ईमेल घातला. म्हणाला, ओटीपी यायला सोपं पडतं. पासवर्डही त्यानेच ठेवला.

आजोबा: अगं, काय करावं तुला! तुझ्या प्रवेशाची किल्ली त्याच्या हातात दिलीस. जागा मिळाल्याचा निरोप त्याच्याकडे येणार, तुझ्याकडे नाही. त्याने मनात आणलं तर पसंतीक्रमही बदलू शकतो. आणि तुझी गुणपत्रिका, आधार, फोटो त्याच्या संगणकात डाउनलोडच्या फोल्डरमध्ये उघड्यावर पडलेत. आज संध्याकाळी माझ्याबरोबर चल. ईमेल, नंबर, पासवर्ड बदलून घेऊ आणि फायली आपल्यासमोर पुसायला लावू. आधार मागितलंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यायची, ती आधारच्या साइटवरून निघते.

नात: आणि ब्राउझरचं?

आजोबा: प्रवेशासाठी एक वेगळा ईमेल काढ. शोधाशोध खासगी खिडकीत कर आणि काम झालं की ती बंद कर. मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नकोस, पत्ता स्वतः टाइप कर. ब्राउझरमध्ये तिऱ्हाइताच्या कुकी बंद कर. मोबाइलच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेखाली जाहिराती म्हणून असतं, तिथे जाहिरातीचा ओळखक्रमांक पुसून टाकता येतो. याने सगळं थांबणार नाही, पण जोडणी तुटते. फोनसाठी १९०९ वर इंग्रजीत ‘स्टार्ट ०’ असा एसएमएस कर. त्यानंतरही जाहिरातीचा फोन आला तर सात दिवसांच्या आत तिथेच तक्रार. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायला हवेत. हे लोक साध्या दहा आकडी नंबरवरून करतात, तोही तक्रारीचा मुद्दा आहे. मात्र तू स्वतः फॉर्मवर संमती दिलेली असली तर ते तीच दाखवतील. म्हणून ती लेखी परत घ्यायची.

नात: लेखी म्हणजे त्यांना कळवायचं? मग तर ते आणखी चिडतील. फी-सवलतवाली मुलगी, वर भांडखोर.

आजोबा: पुन्हा तिथेच आलीस.

नात: तिथेच येणार ना. तुम्ही कायदे सांगता, पण मला लाज वाटते आजोबा. मी हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. आईला वाटेल मुलीला पुण्याला जायचंय आणि तिने फी बघून मन मारलं. आणि एका अनोळखी बाईने सरळ फोनवर म्हणून टाकलं.

आजोबा: …माझं ऐक. मी इतका वेळ बोललो त्यात तुझ्या प्रश्नाचं निम्मंच उत्तर दिलं. तुला घेतील की नाही, ते यादीवर ठरेल. पण पैशांची अडचण कुणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगायची हे तू ठरवायचं होतं आणि ते तुझ्या हातातून काढून घेतलं गेलं. नुकसान हे झालं आहे. प्रवेश मिळाला तरी ते झालेलंच आहे. यात तुझी लाज जाण्यासारखं काही नाही. फी विचारणं हा गुन्हा नाही. कापड घेताना आपण मीटरचा भाव विचारत नाही?

नात: मग आईला मी आज सांगते. आणि त्या विद्यापीठालाही मीच विचारते, सरळ, ईमेलवर. सवलत इथल्या मुलींना आहे का, असेल तर किती.

आजोबा: विचार. त्याच पत्रात खाली बाकीचंही लिही. कागद घे. एक, माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे. दोन, ती तुम्हाला कुणी दिली. तीन, मी अठरा वर्षांखालची आहे, पालकांची संमती घेतलेली नाही, तरी प्रवेशासाठी लागेल तेवढी सोडून बाकी पुसून टाका आणि पुसल्याचं कळवा. खाली बाबांची सही. एक प्रत आपल्याकडे, तारखेसह.

नात: पण कायदा तर मे २०२७ पासून. ते म्हणतील, आत्ता आम्हाला बंधन नाही.

आजोबा: म्हणू देत. बऱ्याच संस्था पत्र आलं की नाव काढून टाकतात, वाद नको म्हणून. आणि उद्या डेटा संरक्षण मंडळापुढे जायची वेळ आली तर आपण आधी विचारलं होतं याचा कागद हवा.

नात: मे २०२७ ला मी अठरा पूर्ण केलेली असेन. म्हणजे ते मुलांचं कलम मला कधी मिळणारच नाही?

आजोबा: नाही मिळणार. संमतीचं, पुसून टाकण्याचं मिळेल, ते मोठ्यांनाही आहे. पाळत ठेवू नका, जाहिराती रोखू नका, हे नववं कलम तुझ्या धाकट्या भावाला मिळेल.

नात: मग त्याचंही एक पत्र करते. त्या क्लासवाल्यांना.

आजोबा: त्याचं वेगळं कर. शाळेचं नाव, परीक्षेची तारीख आणि त्या पहिल्या पानावर काय काय भरून घेतलं ते आठवून सगळं लिही. वर्गातल्या बाकी मुलांच्या आईबापांनाही विचार, सही करतात का ते.